डावीकडचा दात

आम्ही दोघं साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, त्याची थोरली, माझी धाकटी. म्हणून घरात मी त्याला अहो-जाहो करतो आणि कामावर, वॉकीटॉकीच्या सेटवर, सरळ अरे-तुरे. हे आमचं पहिल्या दिवशीच ठरलं. हूकला दोन टन काँक्रीट लटकत असताना 'साडूभाऊ, जरा डावीकडे घेता का' असं म्हणत बसलो असतो, तर खालचे लोक चिरडून मोकळे झाले असते.

तो क्रेन चालवायचा. बांधकामावर ती उंच, पिवळी टॉवरक्रेन असते ना, तिच्या गळ्याशी काचेची एक केबिन असते. त्यात एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत अठरा वर्षं माझा साडू. मी खाली. त्याला वरून जे दिसत नाही ते आपण बघायचं आणि त्याला सांगायचं, वर घे, खाली सोड, डावीकडे, उजवीकडे, थांब. हातानंही खुणा करायच्या, कारण सेटचा काही भरवसा नसतो. साइटवर सगळे त्याला 'वरचा' म्हणायचे. "आज स्लॅब होणार का रे?" "वरच्याची मर्जी." असले पांचट विनोद रोज व्हायचे आणि आम्ही रोज हसायचो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो आधीच सांगून ठेवतो. डावं-उजवं नेहमी वरच्याचं. मी क्रेनकडे तोंड करून उभा, म्हणजे माझं उजवं ते त्याचं डावं. मला काँक्रीटची बादली माझ्या उजव्या हाताला हवी असेल तर मी म्हणणार, "डावीकडे घे." हे उलटं करणं डोक्यात इतकं मुरतं की घरीही सुटत नाही. माझी बायको पंखा पुसताना म्हणते, "डावीकडे राहिलंय का बघा," आणि मी भलतीकडेच बघतो. मग ती म्हणते, "तुमचं डोकंच उलटं बसवलंय देवानं." ती म्हणते ते खरं आहे, आणि किती खरं आहे ते तिला अजून माहीत नाही.

वरचा माणूस सकाळी सातला चढला की संध्याकाळीच उतरतो. एकशे ऐंशी पायऱ्यांची लोखंडी शिडी, सरळ उभी, भोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा. मधे उतरायचं म्हणजे येण्याजाण्यात तास गेला, आणि तासभर क्रेन थांबली की खाली साठ माणसं हात चोळत उभी. त्यामुळे तो सगळं वरच करायचा. बरोबर दोन बाटल्या न्यायचा. एक भरून जायची, एक भरून यायची, पुढचं तुम्हीच समजून घ्या. केबिनमध्ये धड उभं राहता येत नाही. तीन बाजूंना काच, पायाखालीही काच. उन्हात तापली की भट्टी, वाऱ्यात हलली की पाळणा. मी एकदा विचारलं, "कोंडल्यासारखं होत नाही का रे?" तर म्हणाला, "होतं. पण पिंजरा माझा आहे. खाली उतरलो की तोही जाईल."

डबा वर पाठवायला एक पिशवी होती. खाकी कापडाची, त्याच्या बायकोनं शिवलेली, तिला लांबलचक नायलॉनची दोरी. तो वरून सोडायचा, मी त्यात डबा, पाणी, कधी वर्तमानपत्र टाकायचो, तो हातावर हात ओढत वर घ्यायचा. त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची ताई, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. ती रोज सकाळी डबा माझ्याच हातात द्यायची आणि म्हणायची, "गरम असताना पाठवा हं." चोपन्न मीटरवर काय गरम राहणार! पण मी 'हो' म्हणायचो.

आता दाताकडे येतो.

त्याची खालची उजवी दाढ किडली होती. किडली म्हणजे काय, वर्षभर सडतच होती. हिरड्या लाल, सुजलेल्या, ब्रश लावला की रक्त. शिवाय दिवसाला दहा सिगारेटी. दाताच्या डॉक्टरनं चार वेळा यायला सांगितलं होतं. चार वेळा म्हणजे चार सुट्ट्या, आणि आमच्यात सुट्टी घेतली की त्या खुर्चीवर दुसरा बसतो. दुसरा बसला की तो उठेलच असं नाही. आमच्या आधीच्या साइटवर एक ऑपरेटर आठ दिवस लग्नाला गेला, आल्यावर त्याला खाली सळया मोजायला लावलं. म्हणून माझा साडू लवंग चघळत बसायचा.

वर्षातून एकदा ऑपरेटर लोकांची तपासणी व्हायची, पत्र्याच्या कंटेनरमध्ये. कंपनीचे म्हातारे डॉक्टर यायचे. त्या वर्षी त्यांनी रक्ताचा कागद बघून त्याला म्हटलं, "तुमच्या अंगात सूज आहे."

"सूज? कुठं?" साडू बुटाकडे बघायला लागला. "बूट तर घट्ट होत नाही."

"बाहेरून दिसणारी नाही. आतली. रक्तात कळते. तोंड उघडा." त्यांनी तोंडात टॉर्च मारला आणि चेहरा वाकडा केला. "हे आधी नीट करून घ्या. सिगारेट बंद. एक महिन्यानं परत रक्त तपासू. सूज अशी आत धुमसत राहणं हृदयाला बरं नसतं."

बाहेर आल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. दाढ दुखते आणि म्हणे हृदयाला जपा! उद्या म्हणतील पायाला काटा लागला, टक्कल पडेल. पण हसून झाल्यावर त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "महिन्यानं परत गेलो आणि वाढलेलीच निघाली तर ते फॉर्मवर लिहिणार. हात दाखवून अवलक्षण कशाला? मी नाही जात."

मी त्याला त्या वेळी खडसावायला हवं होतं. मी तोंडाचा फटकळ आहे, कुणालाही काहीही बोलतो, मुकादमाला बोलतो, इंजिनिअरला बोलतो. पण तिथं मी गप्प बसलो. कारण सांगू? त्याच्या जागी नवा माणूस आला असता तर मला तो नको होता. वरचा आणि खालचा यांचं जमायला वर्षं लागतात. माझा हात अर्धा उठला की साडूला कळायचं. मला माझी सोय बघायची होती, बस्स. वर मीच त्याला म्हणालो, "जाऊ दे रे. माझ्या कमरेच्या गोळ्या आहेत, त्या घे. घोड्यालाही झोपवतील."

तेव्हापासून दीड महिना मी त्या खाकी पिशवीतून डब्याबरोबर रोज दोन गोळ्या पाठवल्या. ताईला सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी नव्या इमारतीच्या तळमजल्याचे खांब भरायचे होते. काँक्रीटची मोठी लोखंडी बादली मिक्सरच्या गाडीखाली भरायची, तो उचलणार, मी त्याला खांबावर आणणार, बादलीचं तोंड उघडून काँक्रीट ओतायचं, बादली परत. चारेक फेऱ्या झाल्या असतील. दहा वाजून वीस मिनिटांनी सेटवर त्याचा आवाज आला. वेळ मला माहीत आहे, कारण त्याच मिनिटाला मी घड्याळ बघून गाडीवाल्याला शिव्या घालत होतो.

"साडू, दात दुखतोय. गोळी पाठव."

"आत्ता? सकाळची घेतली नाहीस?"

"घेतली. पण जबडा धरलाय सगळा. डावीकडचा. खालचा."

"पाठवतो, बाबा. एकदा तो दात उपटून फेक आणि मला मोकळं कर."

आता नीट ऐका, माझ्या आयुष्याची वाट इथं लागली. आम्ही जेवायला समोरासमोर बसायचो. सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी, टेबलाच्या दोन बाजूंना. दीड महिना मी त्याचा सुजलेला गाल बघत होतो, आणि समोरून बघताना तो गाल माझ्या डाव्या हाताला यायचा. माझ्या डोक्यात त्या गालाचं चित्र डावीकडेच होतं. तो म्हणाला 'डावीकडचा', आणि मी म्हटलं, बरोबर, तोच तो. दिवसभर ज्याचं डावं-उजवं उलटं करून मी पोट भरतो, त्याच्या तोंडातलं डावं मात्र मी उलटं केलं नाही. उजवी दाढ किडलेल्या माणसाला डावीकडे दुखत होतं, आणि मी पिशवीत गोळी टाकली.

पिशवी वर गेली, सावकाश गेली. मधे दोनदा थांबली. मी खालून ओरडलोसुद्धा, "अरे, झोपलास का?"

मग तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला तो जरा उशिरा वळत होता. मला राग आला होता, कारण काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. चौथ्या फेरीला बादली खांबापासून हातभर लांब थांबली. माझ्या उजव्या हाताला यायला हवी होती. मी उजवा हात उचलला आणि सेटवर म्हणालो, "डावीकडे घे."

आणि माझा हात वरच राहिला.

माझं उजवं ते त्याचं डावं. मग टेबलापलीकडचा तो गाल? माझ्या डावीकडचा? तो त्याचा उजवा. दाढ उजवी आहे. मग डावीकडे काय दुखतंय?

"अरे," मी म्हणालो, "तुझा किडलेला दात कुठल्या बाजूचा?"

सेट खरखरला. मग तो म्हणाला, "तो उजवा. हे वेगळंच आहे रे. आता दंडातही उतरलंय. छातीवर कुणी बसल्यासारखं. आणि घाम... काच उघडलीये तरी घाम येतोय."

अरे देवा! अख्खी वीस मिनिटं!

"बादली खाली घे," मी म्हणालो. "सगळ्यांनो, लांब व्हा! साडू, हळूहळू बादली खाली घे आणि हात काढ सगळ्यावरून."

त्यानं घेतली. खरं सांगतो, अठरा वर्षांत त्यानं कुठलंच ओझं इतकं अलगद टेकवलं नव्हतं. दोन टनांची भरलेली बादली जमिनीला टेकली तर आवाजसुद्धा झाला नाही. "टेकली का?" त्यानं विचारलं. "टेकली." "नक्की?" "टेकली रे बाबा, टेकली!" मग सेट गप्प झाला.

ॲम्ब्युलन्सच्या नंबरवर एक बाई होत्या. माणूस किती उंचावर आहे ते ऐकून त्या म्हणाल्या, अग्निशमन दलालाही कळवते, तोवर शुद्धीवर असेल आणि ॲलर्जी नसेल तर ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. प्रथमोपचाराच्या पेटीत ॲस्पिरिन मिळालं. पण पिशवी वर होती आणि ती खाली सोडायला वर कुणी हलत नव्हतं.

मला उंचीची भीती वाटते. हे सगळ्या साइटला ठाऊक आहे, म्हणून तर मी अठरा वर्षं खालचा. शिडीच्या वीस पायऱ्यांपलीकडे मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गोळी खिशात घातली आणि चढलो. शूर वगैरे काही नाही, वर जाताना मी मोठमोठ्यानं त्याला शिव्या देत होतो, डोळे समोरच्या कडीवर. अर्ध्यावर थांबलो तेव्हा वर जाववत नव्हतं आणि खाली तर बघवतही नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी चढलो, कारण तिथं लटकून राहणं सगळ्यात भयंकर होतं.

केबिनला खालून झडप आहे. मी डोकं आत घातलं. जागा एकाच माणसाची. मी छातीपर्यंत आत, पाय शिडीवर. तो खुर्चीत एका बाजूला कललेला, चेहरा राखेसारखा, सदरा पिळून काढावा असा ओला. मला बघून त्याचे ओठ हलले.

"साडू... तू वर आलास?"

"हो, आलो. फिरायला आलोय. चाव ही गोळी. गिळायची नाही, चावायची."

"कडू आहे."

"मग काय मिठाई देऊ? चाव!"

त्यानं चावली. मग आम्ही थांबलो. आयुष्यात इतकं कधी थांबलो नाही. खाली अग्निशमनची गाडी आली, माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, दोघं चढायला लागले, दोर, पट्टे, घडीचं स्ट्रेचर. पण शिडीच्या पिंजऱ्यातून आडवा माणूस उतरत नाही. त्यांना कप्पी बांधून त्याला बाहेरून, हवेतून खाली सोडावं लागणार होतं. कप्पी बांधायला वेळ, दोर तपासायला वेळ. वारा सुटला होता, केबिन हलत होती, आणि मी ना आत ना बाहेर. त्याचा हात धरून ठेवला होता. तो अधूनमधून विचारायचा, "खाली कधी?" मी म्हणायचो, "पाच मिनिटं." दहा वेळा मी पाच मिनिटं म्हणालो असेन. काचेतून अख्खं शहर दिसत होतं आणि आम्हाला वीतभर हलता येत नव्हतं. मला रडू येत होतं, पण तिथं रडायलाही जागा नव्हती.

तो जमिनीला लागेपर्यंत पावणेबारा झाले.

हॉस्पिटलात ताई आधीच पोचली होती, माझी बायकोही. हृदयाच्या डॉक्टरबाई घाईनं बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मा डोक्यावर ढकललेला. म्हणाल्या, "दुखणं नेमकं कधी सुरू झालं? आणि कुठली औषधं चालू आहेत? मला खरं सांगा, त्यावर पुढचं ठरतं."

ताई म्हणाली, "औषध कसलंच नाही."

दोघी बहिणी माझ्याकडे बघत होत्या. खोटं बोलायला एक क्षण होता माझ्याकडे. "दहा वीसला सुरू झालं," मी म्हणालो. "मला तेव्हाच सांगितलं त्यानं. मला वाटलं दात. आणि दीड महिना रोज दोन दुखण्याच्या गोळ्या घेतोय. मीच देत होतो. आजही सुरू झाल्यावर एक दिली."

डॉक्टरबाई गोळीचं नाव विचारून निघून गेल्या. माझी बायको बोलली, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. बंद झालेली नळी फुगा घालून उघडली होती, जाळी बसवली होती. जीव वाचला होता. पण हृदयाचा समोरचा मोठा भाग मेला होता, तो परत धडधडणार नव्हता.

"नळी अशी अचानक कशी बुजली?" मी विचारलं. "गेल्या वर्षी धावत्या पट्ट्यावर पळवून तपासलं होतं. ठणठणीत निघाला होता."

"कारण नळी बुजलेली नव्हतीच," त्या म्हणाल्या. "आत चरबीचा थर होता, तोही जेमतेम एक तृतीयांश. रक्त आरामात वाहत होतं. माणसांना वाटतं, गाळ साठत साठत नळी बंद होते. पुष्कळदा तसं होत नाही. नळीच्या भिंतीत चरबी शिरली की आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं लढायला जातात. त्यांनाच आपण सूज म्हणतो. लढता लढता त्या चरबी खाऊन फुगतात, मरतात, आणखी पेशींना बोलावतात. त्या थरावर एक पातळ पापुद्रा असतो, तोच सगळं धरून ठेवतो. या पेशी तो पापुद्रा आतून पोखरतात."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," मी म्हणालो.

"तसंच. एक दिवस पापुद्रा फाटतो. आतलं सगळं रक्ताला लागतं. रक्ताला वाटतं, जखम झाली. बोट कापल्यावर ते काय करतं? गुठळी धरतं. इथंही तेच करतं, फक्त नळीच्या आत. काही मिनिटांत नळी बंद. आणि अंगात आधीच सूज असेल तर रक्तही गोठायला टपलेलंच असतं."

ताई पुढे सरकली. "हे त्यांच्या हिरड्यांमुळे झालं का?"

"फक्त हिरड्यांमुळेच, असं मी म्हणणार नाही, तेवढी खात्री कुणालाच नाही. सिगारेट होती, चरबी होती. पण अंगात कुठंही सूज धुमसत राहिली की या निखाऱ्यालाही वारा लागतो. आणि त्या गोळ्या..." त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही. "त्यांनी दुखणं दबतं. पण असं माणूस रोज घेत राहिला तर गुठळी व्हायचा धोका वाढतो. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. जबड्यात, डाव्या हातात दुखतं तेव्हा ते हृदयाचं असू शकतं, हेही माहीत नसतं."

चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोराला रोज खाऊ घातला होता. "वीस मिनिटं आधी आणला असता तर?" मी विचारलं.

"काही भाग वाचला असता," त्या म्हणाल्या. "किती, ते सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेलो. ती बादली तशीच जमिनीवर उभी होती. गडबडीत तिचं तोंड कुणी उघडलंच नव्हतं, आणि आतलं दोन टन काँक्रीट दगड झालं होतं. दोन माणसं हातोडे घेऊन फोडत होती. केबिनमध्ये नवा ऑपरेटर बसला होता. सेटवरून त्यानं मला विचारलं, "काका, तयार का?" मी सेट मुकादमाच्या हातात दिला आणि सळया मोजायला गेलो.

साडूचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवून, दम खात, पाऊण तासात तो वर पोचला. तेव्हापासून तो उतरलेला नाही. उतरेल हो, पण परत चढायचं काय? दोन खोल्या, एक खिडकी. खिडकीला खुर्ची लावून दिवसभर खाली रस्ता बघत बसतो. कोंबडीसारखा कोंडलाय, ताई म्हणते. सवय होती म्हणून बरं, असं तो म्हणतो. दाढ काढली, हिरड्या नीट झाल्या, सिगारेट सुटली. डॉक्टरबाई म्हणतात, रक्तातली सूजही उतरली. आता उतरून काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी कामावरून सुटल्यावर रोज तिथं जातो. ताईनं एकदाही मला गोळ्यांवरून बोलून दाखवलं नाही, त्यामुळे वर जाऊन तिच्यासमोर बसणं मला जड जातं. म्हणून मी खालूनच हाक मारतो. तो खिडकीतून तीच खाकी पिशवी सोडतो, तीच दोरी. मी त्यात त्याची औषधं टाकतो. रक्त पातळ ठेवायची, चरबीची, दाबाची. सगळं सांगितलं मी त्याला, गोळ्यांचंही सांगितलं. फक्त टेबलाचं, गालाचं, त्या डाव्या-उजव्याचं सांगितलं नाही. तोंडाशी यायचं आणि परत जायचं. कुणाला सांगू? ज्याला सांगायचं त्याचाच घास घेतला मी.

परवा संध्याकाळी पिशवी खाली आली. मी औषधं टाकत होतो, तेवढ्यात तो वरून म्हणाला, "साडू, दुखतंय."

"कुठं?"

"गुडघा. बसून बसून. ती तुझी घोड्याची गोळी असेल तर टाक एखादी."

"मेलो तरी टाकणार नाही. कुठला गुडघा?"

"डावा."

मी मान वर करून उभा होतो. तो खिडकीत, माझ्यासमोर, तीन मजले वर. माझा उजवा हात आपोआप उठला आणि तिथंच राहिला. मला विचारायचंच नव्हतं, पण आवाज फुटला तो रडवेलाच फुटला. "कुणाचा डावा?"

तो कठड्यावर कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिला. रस्त्यावरची एक सायकल घंटी वाजवत माझ्या बाजूनं गेली.

"माझा रे," तो म्हणाला. "त्या दिवशीही माझाच होता. समोर बसून जेवायचास ना तू, मला केव्हाच कळलं. आता रडू नकोस रस्त्यात, लोक बघतायत."

मग तो दोरी ओढायला लागला. पहिल्या मजल्याच्या वर पिशवी आली आणि त्याचा हात थकला. ती हवेत लोंबकळत राहिली. मी डोळे पुसले, हात वर केला आणि साइटवर उभा राहायचो तसा नीट उभा राहिलो.

"थांब," मी म्हणालो. "दम घे. घाई नाही. हं, आता वर घे. हळू."